नळाच्या मयताचं पत्रक

एकोणीसशे सत्तरनंतरची ती सुरुवातीची वर्षं. माझे यजमान आमच्या बेटावरच्या सांत्र द फ्लाक गावात, बाजाराच्या मागे, एक छोटा छापखाना चालवायचे. पायाने मारायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, लाकडी केसेस आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, एवढाच पसारा. लग्नपत्रिका, देवळातल्या उत्सवांची पत्रकं, फुटबॉलच्या सामन्यांच्या जाहिराती आणि मयताची काळ्या चौकटीतली पत्रकं. खिळे तेच जुळवायचे, मशीनही तेच मारायचे. मी जवळच्या कॉलेजात, म्हणजे आमच्याकडच्या माध्यमिक शाळेत, इतिहास शिकवायचे आणि शाळा सुटली की येऊन प्रुफं वाचायचे.

तेव्हा मी लंडनच्या पदवीची परीक्षा बाहेरून देत होते. एक अख्खा पेपर अठराव्या शतकातल्या इंग्लंडवर होता. राजे आणि लढाया पाठ केल्या, पण जीव रमला तो त्या काळच्या फुटकळ कागदांत. रस्त्यावर विकली जाणारी एकपानी गाणी, फाशीच्या दिवशी खपणारी कैद्यांची ‘अखेरची भाषणं’, ढेरपोट्या मंत्र्यांची चित्रं. ती चित्रं दुकानदार काचेत टांगायचे आणि विकत घ्यायची ऐपत नसलेले लोक बाहेर उभे राहून फुकट हसायचे.

दुपारच्या सुट्टीत मी छापखान्यात डबा घेऊन जायचे आणि हे सगळं ह्यांना सांगायचे. हे फार बोलणारे नव्हते, पण ऐकायचे मन लावून. एकदा मी सांगितलं, तिकडे दारूवर कडक कायदा आला तेव्हा लोकांनी दारूचंच मयत केलं. गुत्त्यांच्या पाट्यांना काळं कापड बांधलं, आणि अंत्ययात्रेचं चित्र छापून विकलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. “छापणाऱ्याला पकडलं नाही?”

“कधीकधी पकडायचे. पण पुष्कळदा कागदावर छापणाऱ्याचं नावच नसायचं.”

त्यांनी मान हलवली आणि जेवण संपवलं.

आमच्या गावात त्या वर्षी नळ आला होता. आमच्या भागातला एक मोठा माणूस, ज्याच्या शब्दावर नोकऱ्या लागायच्या आणि जायच्या, त्याने फीत कापली, हार घातले, फोटो काढले. तीन आठवडे पाणी आलं आणि बंद झालं. बायका पुन्हा बादल्या घेऊन नदीवर जाऊ लागल्या. तक्रार कोणी केली नाही. वर्तमानपत्रंसुद्धा सरकारने तपासून मगच छापली जायची ते दिवस होते. लोक बसमध्येही आजूबाजूला बघून बोलायचे.

एका सोमवारी सकाळी बसमध्ये सगळे हसत होते. एक कागद हातोहात फिरत होता. क्रेओलमध्ये, आमच्या रोजच्या बोलीत, छापलेलं मयताचं पत्रक, काळ्या चौकटीत: ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या गावचा लाडका नळ, वय तीन आठवडे, तहानेने वारला. अंत्ययात्रा त्याच्या पालकांच्या बंगल्यावरून निघेल. मयताला येणाऱ्यांनी आंघोळ तिथेच उरकावी, पाणी तिथे भरपूर आहे.’

मीही हसले. मग माझं लक्ष चौकटीकडे गेलं. उजवीकडचा खालचा कोपरा झिजलेला होता. ती चौकट मी शंभर वेळा प्रुफांत पाहिली होती.

दुपारी मी छापखान्यात गेले तेव्हा हे मशीन पुसत होते.

“चौकट आपली आहे,” मी म्हणाले.

“चौकटीकडे कोण बघतंय? लोक मजकूर वाचतात.” आणि लग्नाच्या एवढ्या वर्षांत क्वचितच पाहिलं असेल असं हसू त्यांच्या तोंडावर आलं. मला राग आला होता, पण अभिमानही वाटला, हे कबूल करायला हवं.

दोनेक आठवडे काहीच झालं नाही. तो मोठा माणूस बाजारात भेटला की हसून नमस्कार करायचा, पूर्वीपेक्षा जास्तच अदबीने. मला ते हसणं आवडत नव्हतं.

मग एका मंगळवारी मी शाळेतून आले तर हे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेले. त्या खुर्चीत ते कधी बसत नसत. समोर ओलं प्रूफ होतं.

“वाच,” म्हणाले.

मयताचं पत्रक होतं. नावाच्या जागी टिंबं. पुरुष, वय एक्केचाळीस, धंदा मुद्रक. अंत्ययात्रा दुपारी तीन वाजता आमच्या गल्लीतून निघणार. तारखेच्या जागीही टिंबं. हे त्या वेळी एक्केचाळीस वर्षांचेच होते.

“कोण आलं होतं?”

“पा कोने,” ते क्रेओलमध्येच म्हणाले. “माहीत नाही. फ्लाकचा नव्हता. टोपी काढून बोलला. शंभर प्रती हव्यात म्हणाला. नाव आणि तारीख मागाहून सांगतो, शुक्रवारी येतो म्हणाला.” ते थांबले. “चौकट तीच पाहिजे म्हणाला. कोपऱ्यात झिजलेली.”

“आणि तुम्ही जुळवलंत?”

“जुळवून होईपर्यंत तो इथेच बसून होता.”

पोलिसांकडे जाऊन काय सांगणार होतो? गिऱ्हाइकाने मयताचं पत्रक छापायला दिलं, एवढंच. आणि त्यांनी पहिला प्रश्न नळाच्या पत्रकाचा विचारला असता.

शुक्रवारी मी रजा घेतली. दोघंही दाराकडे तोंड करून बसलो. भाजीवाली मोड मागायला आली तरी हे उठून उभे राहिले. तो माणूस आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. जुळवलेला मजकूर तसाच दोऱ्याने बांधून टेबलावर पडलेला. त्यात अडकलेली अक्षरं दुसऱ्या कामांना कमी पडू लागली, लग्नपत्रिका रखडल्या, तरी हे मजकूर सोडायला तयार नव्हते.

“तो आला आणि काम तयार नसलं तर?” म्हणाले.

शेवटी मीच दोरा सोडला आणि एकेक खिळा त्याच्या खणात टाकला. हे दारात उभे राहून बघत होते.

मला वाटलं होतं की ते बेचाळीस वर्षांचे झाले की भीती ओसरेल. वाढदिवसाला मी मुद्दाम खीर केली आणि म्हटलं, “झालं आता. ते वय सरलं.”

“आकडा बदलायला कितीसा वेळ लागतो?” त्यांनी विचारलं.

ऊस उंच झाला तशी त्यांनी शेतांमधली वाट सोडली. नंतर एकट्याने छापखाना उघडणंही सोडलं. मी शाळेतून येईपर्यंत हे समोरच्या चिन्याच्या दुकानात बसून राहायचे. वर्षभरात मशीन कार्तिए मिलितेर गावच्या एकाला विकलं आणि हे साखर कारखान्याच्या भांडारात कारकून म्हणून लागले. मी परीक्षा पास झाले. त्या जुन्या फुटकळ कागदांवर प्रश्न आला होता आणि मी तो चांगला लिहिला होता.

एकोणीसशे ऐंशीनंतर तो मोठा माणूस निवडणुकीत पडला. एका रविवारी सकाळी तो स्वतः लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्या दारात उभा. केस पिकलेले, आवाज बसलेला.

“छापखाना का बंद केलात, भाऊ? पोर्ट लुईहून छापून आणावी लागली ही.”

“डोळ्यांना सोसेना,” हे म्हणाले.

तो गेल्यावर मी म्हटलं, आपण जायचं नाही. हे म्हणाले, “जाऊ या. नाही गेलो तर लक्षात येईल.”

आम्ही गेलो. केळीच्या पानावर वाढलेलं ह्यांच्यासमोर गार होत होतं. वाढायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड ते निरखून बघत होते, भातवाल्याचं, डाळवाल्याचं, पाणी देणाऱ्याचं. परतीच्या बसमध्ये त्यांनी हळूच सांगितलं, “त्यांच्यात तो नव्हता, टोपी काढून बोलणारा.”

“मग ह्या मुलीच्या बापाने त्याला पाठवलंच नसेल तेव्हा.”

“मग कोणी?” हे म्हणाले. तोवर निदान कोणाला भ्यायचं ते तरी ठाऊक होतं.

दारूच्या मयताची गोष्ट मी सांगितली होती, भोगलं त्यांनी. त्याबद्दल ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.