सहा खणांचे पेंटर

लातूर शहरात इंग्रजी भाषा इंग्रजांनी आणली नाही, निजामाने तर नाहीच. ती आमच्या पेंटरांनी आणली, आणि तीही सहा-सहा अक्षरांच्या हप्त्यांनी. हे विधान मी पूर्ण शुद्धीत करीत आहे. नांदेडच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून मी लातूरला स्थायिक झालो, तेव्हा येथे गल्लोगल्ली क्लासांचे पीक आले होते आणि आमच्या भागातील बहुतेक क्लासांच्या पाट्या या एका गृहस्थांच्या हातच्या होत्या. त्यांना स्वतःला इंग्रजीचे एक वाक्य धड बोलता येत नव्हते. माझ्या विद्यार्थ्यांनाही येत नसे. पण त्यांनी निदान शहर रंगविले नाही.

पेंटरांचा नियम साधा होता. पत्रा सहा फुटी, एका इंग्रजी अक्षराला एक फुटाचा खण. म्हणून शब्द सहा अक्षरी. पाच अक्षरी शब्दाला ते ‘आखूड पायजमा’ म्हणत. सात अक्षरी शब्द आला की म्हणत, “पंगतीला एक पाव्हणा जास्त झाला.” त्यात आमच्याकडची एक रीत अशी, की पाटीवर आईबापांच्या नावांची आद्याक्षरे आली पाहिजेत. गिऱ्हाईक येई, अक्षरे सांगून जाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पेंटर माझ्या ओसरीवर हजर. “सर, सहा खणी पायजे. एम अन् व्ही यायला पायजेत. माणूस लई घाईत हाय.” मी वर्तमानपत्रातून मान न काढता ‘मार्व्हल’ असे सांगावे, त्यांनी बोटांवर मोजावे, समाधानाने चहा बशीत ओतावा आणि उठून जावे. मार्व्हल म्हणजे काय, हे त्यांनी विचारले नाही. मी एकदा आपण होऊन सांगू लागलो, तर म्हणाले, “अर्थाचं काय घेऊन बसले सर? रस्त्यावरचा माणूस अर्थ वाचून ऱ्हायला का? त्याला रंग दिसतो.”

एकदा त्यांनी माझा शब्दकोश मागून नेला. चार महिन्यांनी परत आला, तेव्हा त्यातील प्रत्येक सहा अक्षरी शब्दापुढे तांबड्या रंगाचा ठिपका होता. ग्रंथाला गोवर आल्यासारखे दिसत होते. ठिपके ‘एम’पाशी थांबले होते, पुढचे का सोडले असे विचारता, “रंग सपला,” हे उत्तर मिळाले. मी आजारी पडून दवाखान्यात होतो, तेव्हा ते भेटीला आले आणि प्रकृतीची विचारपूस करण्यापूर्वी उशाजवळच्या बाटल्या वाचू लागले. “सायरप पाच. आखूड. टॅबलेट सहा भरतात, पण क्लासला कसं वाटंल?” मला वाटते, मी लवकर बरा झालो तो केवळ त्यांना तेथून हलविण्यासाठी.

मुदखेडहून आलेल्या एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाच्या बाबतीत मात्र त्यांनी मला विचारले नाही. वडिलांचे डी आणि आईचे जी, एवढे सांगून तो बिचारा भावाच्या लग्नाला गावी गेला. परतला तेव्हा त्याच्या क्लासच्या जिन्यावर, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, ‘डेंजर’ अशी पाटी झळकत होती. आठवडाभरात एकही पालक जिना चढला नव्हता. शिक्षक भांडायला आला. पेंटर शांतपणे म्हणाले, “विजेच्या खांबावर, डीपीवर, समदीकडं लिवलंय ते. वाईट शब्द सरकार कशाला लिवंल?” त्या दिवशी मी त्यांना पाऊण तास सुनावले. शब्दाला आधी अर्थ असतो, मग अक्षरे असतात. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “बरं सर, डी अन् जी असलेला दुसरा कोणता?”

त्यांच्या पत्नीला मी पाहिलेले नाही. जुबेदाभाभी भूकंपात गेल्या. किल्लारीजवळच्या एका खेड्यात त्यांचे माहेर, दगडमातीचे घर. मुलगी तेव्हा दुसरीत. शाळेची चाचणी होती म्हणून बापाजवळ राहिली, आणि म्हणून वाचली.

ती मुलगी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाली आणि तिने स्वतःचा क्लास काढायचे ठरविले. तिने बापाला आठ दिवस दिले. तोवर पाटी झाली नाही तर छापील फ्लेक्स लावणार, असे बजावले. पेंटर आले ते चहाला नको म्हणत. “सर, माझं क्यू अन् तिच्या अम्मीचं झेड. सहा खणी. न्हाई सापडून ऱ्हायलं.” मी म्हटले, फ्लेक्स लावू द्या, काळ बदलला. त्यांनी नखावरचा वाळलेला रंग खरवडून काढला. मग म्हणाले, “तिच्या अम्मीचं नाव कुठंच लिवलेलं न्हाई, सर. रेशनकार्डावर होतं, ते कापलं. एक अक्षर तरी रस्त्यावर लागायला पायजे.”

मी शब्दकोश घेऊन बसलो. सातव्या दिवशी शब्द हाती लागला, आणि आयुष्यात प्रथमच मी त्यांच्या दुकानी चालत गेलो. “क्वार्ट्झ. पहिल्या खणात तुम्ही, शेवटच्या खणात त्या.” त्यांनी बोटे मोजली. “मधी चार जण कोण?” “विद्यार्थी समजा.” ते हसले. दुपारपर्यंत पाटी तयार झाली. इतकी रेखीव अक्षरे मी त्यांच्या हातची पाहिली नव्हती. आम्ही दोघे म्हातारे समोरच्या बाकावर बसून ती पाहत होतो, तेवढ्यात शाळा सुटून मुलगी आली. तिने पाटी वाचली.

“तुम्ही शोधला का सर?”

मी होकार दिला. माझ्या स्वरात अभिमान असावा.

“क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी,” ती हळू म्हणाली. “दगड. अब्बा, अम्मी दगडाखालीच गेली ना.”

पेंटरांना अर्थ ठाऊक नव्हता. मला होता. सात दिवस मी केवळ अक्षरे मोजली होती.

पेंटर उठले. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून त्यांनी ओला रंग पुसायला घेतला. “चूक झाली आपली, सर,” ते पाठमोरे म्हणाले. मी म्हटले, “तुमची नव्हे. माझी.” हे वाक्य मी फार वेळा उच्चारलेले नाही. मुलीने बापाच्या हातून चिंधी घेतली आणि उरलेला रंग स्वतः पुसला. मग म्हणाली, “अक्षर कशाला अब्बा? अम्मीचं पूर्ण नाव लिवा. मराठीत.”

त्यांनी लिहिले. तीन खणांत ते नाव मावले. उजवीकडचा अर्धा पत्रा पांढरा राहिला. मंडळी अजूनही त्यांना सुचवितात, की तेथे फोन नंबर घाला, इयत्ता घाला, निदान एक फूल काढा. पेंटर ऐकून घेतात. “असू द्या,” म्हणतात, “तितं आता काही बसत न्हाई.”

भाजी मंडईचा माझा जवळचा रस्ता वेगळा आहे. मी त्या पाटीवरून जातो.