साडेपाच ते सहा

कवायत गुरुजींनी शिट्टी कधी वापरली नाही. अकोल्याच्या आमच्या शाळेच्या मैदानावर ते ‘सावधान’ म्हणाले, की शेजारच्या जिनिंगमध्ये कापूस उतरवणारे गाडीवानही क्षणभर ताठ उभे राहत, अशी त्यांच्या आवाजाची ख्याती होती. “वेळापत्रकात नाही, ते होत नाही,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. शाळेचे वेळापत्रक मी आखत असे. त्यामुळे ते वाक्य मला मनापासून पटे.

लहानपणीच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची एक झडप आखडली होती. पूर्वी ते मुलांबरोबर धावत. मग लिंबाखाली उभे राहून हुकूम देऊ लागले. मग लिंबाखाली खुर्ची आली. हृदयावर शस्त्रक्रिया करतात, ही त्या काळी आमच्याकडे केवळ ऐकीव गोष्ट होती. गुरुजी मुंबईला जाऊन ती करून आले. डाव्या छातीखालून पाठीपर्यंत टाके होते, पण दम लागणे थांबले होते. डॉक्टरांनी एक कागद दिला होता. किती पावले चालावे, मीठ किती खावे, डावा हात कुठवर उचलावा, सारे त्यात क्रमाने लिहिले होते. गुरुजींनी तो बुद्धाच्या तसबिरीशेजारी टाचला. रोज प्रत्येक कलमापुढे ते बरोबरची खूण करीत.

त्यांचा वर्ग माझ्याकडे दिलेला असल्यामुळे शाळा सुटली की मी वह्या घेऊन त्यांच्या घरी जाई. तिसऱ्या आठवड्यात, भाकरीचा घास हातात असताना, त्यांच्या डोळ्यांतून एकाएकी पाणी वाहू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. तिसऱ्या दिवशी शाळेतली प्रार्थना वाऱ्याबरोबर ऐकू आली, तेवढे कारण पुरले.

“कागदावर तं हे कुठंच नाई, बाई,” ते संतापून म्हणाले. “दम नाई, दुखनं नाई. मंग हे काहून होऊन राहिलं?”

मीही चिडत होते. जखमेविषयी इतके नेमके लिहिणाऱ्या डॉक्टरने मनासाठी एक ओळ खर्चू नये, याचा मला राग येई.

भेटीला येणारे त्यात भर घालीत. बार्शीटाकळीहून थोरले भाऊ टोपलीभर वांगी घेऊन आले आणि बसल्याबसल्या म्हणाले, “जीव वाचला ना तुया? मंग रडते काहून? मानूस हायेस का पोट्टं?” गुरुजी “हो, दादा” म्हणाले. दादा फाटकाबाहेर पडताच त्यांनी समोरचे ताट सरकवून दिले. मग गुरुजींच्या सासूबाई मीठमिरच्या मुठीत घेऊन दृष्ट काढायला आल्या.

“दीक्षा घेतली तवाच सोडलं ना आपन हे?” गुरुजी कडाडले.

“आपन सोडलं, जावईबापू. नजरेनं सोडलं का तुमाले?” असे म्हणून सासूबाई मिरच्या घेऊन आत गेल्या.

एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हाती मुख्याध्यापकांच्या नावे एक पाकीट ठेवले. आत राजीनामा होता. “पोट्ट्यांसमोर जो रडन, त्यानं कवायत घेऊ नये,” ते म्हणाले. चौदा वर्षांची नोकरी चार ओळींत संपवली होती, आणि अक्षर नेहमीसारखेच सुबक होते.

मला फार राग आला. त्या रागातच मी उठले, भिंतीवरचा कागद काढला आणि शेवटच्या कलमाखाली लिहिले, ‘साडेपाच ते सहा : रडणे.’

“हा कागद अपुरा होता, गुरुजी. आता पुरा झाला. महिनाभर पाळा. मग पत्र देते.”

“थट्टा करता काय, बाई?”

“वेळापत्रकाची मी थट्टा करत नाही.”

हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते धुतलेला सदरा घालून, पाठ ताठ करून, बाजेवर बसले होते. पाणी मात्र येईना. पावणेसहा झाले. “तास फुकट चालला,” ते घड्याळाकडे पाहून चिडून म्हणाले.

वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दाराशी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तुमाले लागत नसन, तं मले द्या तो तास.”

आणि पदरात तोंड घालून त्या रडू लागल्या. मुंबईत शस्त्रक्रिया चालू असताना ही बाई इस्पितळाच्या ओसरीत एकटी बसून होती. परतल्यापासून तिला कोणी काही विचारले नव्हते. मीही नाही. रोज त्या घरी जाऊन मी वह्या तपासल्या, चहा घेतला आणि फक्त एकाच माणसाचा विचार केला. कागदाने मोकळा ठेवलेला उजवा हात गुरुजींनी वहिनींच्या पाठीवर ठेवला. तेव्हा कुठे त्यांचेही डोळे भरले. मी वह्या उचलून निघाले.

दिवाळीनंतर गुरुजी मैदानावर आले. पहिल्याच दिवशी, आकडे मोजताना, ‘तीन’वर त्यांचा आवाज चिरकला. वर्गाच्या खिडकीशी माझ्या हातातला खडू मोडला. गुरुजींनी तोंड फिरवले नाही. “विश्राम,” ते म्हणाले. दोनशे मुले पाय फाकून, हात मागे बांधून, शांत उभी राहिली. गुरुजींनी रुमालाने डोळे पुसले, घडी करून तो खिशात ठेवला, आणि “चार” म्हणाले.

पुढे त्यांची बदली परतवाड्याला झाली. निघताना त्यांनी राजीनाम्याची आठवणही काढली नाही, आणि मी ते पाकीट परत केले नाही. त्यांनी मात्र तो कागद माझ्या हाती दिला. “शाळेच्या कामी येईल,” इतकेच म्हणाले.

घरी येऊन मी तो उलगडला. माझ्या शेवटच्या ओळीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात एक शब्द वाढवलेला होता, ‘दोघांनी’. आणि त्याच्यापुढे, ओळीने, रोजच्या खुणा.