आबांवरची सावली

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय, तेव्हा आता माझी उडवलीत तरी राग नाही. फक्त पूर्ण वाचा.

जळगावात मेहरूण तलावाच्या पलीकडे एका निसर्ग उद्यानाच्या गेटवर मी असतो. मे महिन्यात दुपारी बाराला शिट्टी मारत लोकांना बाहेर काढायचं अन् कुलूप लावायचं, हे माझं काम. त्या दिवशी बायको धुळ्याला लग्नाला गेलेली. आबांना, म्हणजे वडिलांना, एकटं ठेवता येत नाही... हल्ली काही लक्षातच राहत नाही त्यांच्या. म्हणून सोबत आणून केबिनमध्ये बसवलं. बाराला शिट्टी मारत फेरी करून आलो — खुर्ची रिकामी!

वर पंचेचाळीस डिग्री, अन् म्हाताऱ्याच्या पायात चप्पल नाही. हाका मारून घसा बसला, मग शिट्टीच वाजवत सुटलो. बाभळीत, गवतात, आटलेल्या पाणवठ्याकडे... दीड वाजला. रडायलाच आलं मला. तेवढ्यात झाडांना पाणी देणाऱ्या सुमनअक्का ओरडत आल्या, "शिट्टी बंद कर ना रे भाऊ! तुझा बाप गँगमन होता ना? गाडी आली समजून तो लांब पयतोय!"

मी शिट्टी खिशात कोंबली. आबांनी भुसावळला तीस वर्षं रुळांवर काम केलं. शिट्टी ऐकली की रूळ सोडून लांब व्हायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलेलं. अन् मी दीड तास माझ्याच बापाला उन्हात हाकलत होतो!

अडीचला दिसले. मागच्या भिंतीजवळ, उघड्या माळावर बसलेले. अन् त्यांना खेटून तीन रोही... नीलगायी हो! माणूस दिसला की उधळणारं जनावर. उन्हाच्या बाजूला ओळीने उभे, सावली बरोबर आबांच्या अंगावर. अक्कांनीही पाहिलं. मी "आबा!" करत धावलो, त्यांना कवेत घेतलं, मान वर केली तर माळ मोकळा. आमच्या उद्यानात रोही नाहीत. कधीच नव्हते. भोवती दहा फुटी भिंत आहे. खुराचा एक ठसा सापडला नाही.

अडीच तास उन्हात राहूनही आबांचं अंग गार होतं. डॉक्टरही चक्रावले.

आबा वाचले, पण त्या दिवसापासून मला ओळखत नाहीत. परवा विचारलं, "आबा, माळावर तुमच्याजवळ कोण होतं हो?"

"मना पोऱ्या व्हता ना," आबा त्यांच्या अहिराणीत हसले. त्यांचा मुलगा होता, म्हणे. "सावली धरीसन उभा व्हता."

मग बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली अन् माझं गाव विचारलं. "बसा ना भाऊ. कोणता गावना शेतस तुम्ही?"