शक घेणाऱ्याची सही

काम झालं असं कुणी सांगितलं, की गावंडेकाका चष्मा कपाळावर सरकवून त्या माणसाकडे नुसते पाहत. अकोल्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत ते कॉम्प्युटरची खोली सांभाळत. त्याआधी ते उगवण तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते आणि तिथली सवय त्यांनी इकडे आणली होती. पोत्यात पोकळ नळी खुपसून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने काढायचे. "पोत्याच्या तोंडाशी कोनीबी चांगलाच माल ठेवते," असं ते म्हणत.

मी त्यांच्या हाताखाली लागलो त्या वर्षी सर्व्हर बदलायचा होता. बियाण्याच्या प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल जुन्या सर्व्हरवर होता. अहवाल निघाला नाही तर त्या लॉटची एकही पिशवी गोदामाबाहेर जात नसे, आणि पेरणी महिन्यावर आलेली. काकांनी तयारीची यादी केली. प्रत्येक कामापुढे दोन सह्यांची जागा : एक करणाऱ्याची, दुसरी शक घेणाऱ्याची.

बॅकअपपुढे मी सही केली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तो पूर्ण झाल्याचं आलं होतं.

"काहो पुस्तकवाले, उघडून पाह्यला का?" जेवणाच्या सुट्टीत मी वाचत बसे, म्हणून हे नाव.

"पूर्ण झालाय, काका. दिसतंय ना."

"मले नाई दिसून राह्यलं."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाई. तुमच्यावर नाई अन् त्या हिरव्या रंगावरबी नाई. मनाले लावून घेऊ नका, चहा पाजतो."

चहा मी घेतला नाही. काकांनी कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुसला, माझा बॅकअप त्यावर चढवला आणि त्यातून तीन लॉटचे अहवाल मागवले : हंगामाच्या शेवटचा, मधला आणि अगदी सुरुवातीचा. दोन उघडले. तिसऱ्याचं नाव आलं, अहवालाची जागा कोरी. सुरुवातीचे सगळे अहवाल जुन्या सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर होते आणि माझा बॅकअप तिकडे फिरकलाच नव्हता. दोन दिवसांनी ती डिस्क पुसली जाणार होती.

साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, "तालीम घेतली म्हनून सापडलं." माझं नाव घेतलं नाही.

पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या कामापुढची दुसरी सही माझी असे. ते दर वेळी विचारत, "खरंच पाह्यलं, का माह्या तोंडाकडं पाहून सही केली?"

"पाहिलं, काका."

मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचं काम तपासणं मला उर्मटपणाचं वाटे.

यंदा पुन्हा नवा सर्व्हर आला. दवाखान्यात भरती होण्याआधी काका यादी करून गेले, आपली कामं उरकून सह्याही करून गेले. परत आले नाहीत. सगळे म्हणाले, "काकाचं काम हाये, त्यात काय पाहाले लागते!" रविवारी दुपारी मी एकटाच बसलो आणि त्यांची एकेक ओळ तपासली. अकोटच्या गोदामात छापल्या जाणाऱ्या पिशव्यांच्या लेबलांच्या ओळीवर थांबलो. गोदामात फोन करून तीन वेगवेगळ्या लॉटची लेबलं छापायला सांगितली. तिसऱ्यावर लॉट नंबर नव्हता.

चूक काकांचीच होती. ती मी दुरुस्त केली, पुन्हा तीन लेबलं छापून घेतली आणि त्यांच्या सहीशेजारी माझी सही केली. त्या जागेवरची माझी ती पहिली खरी सही.