कोथिंबिरीमागचं इंजेक्शन

चैत्रातल्या हळदीकुंकवाची गडबड होती. आंब्याच्या डाळीवर घालायला मोठ्या जाऊबाईंनी फ्रीजमधून कोथिंबीर काढली, आणि तिच्यामागे मी लपवलेलं वजन उतरवायचं इंजेक्शन त्यांना दिसलं.

"अगं, हे कशाला? जरा जिभेवर ताबा ठेवायचा!" त्या हसत म्हणाल्या.

त्याच फ्रीजच्या दारात सासूबाईंचं इन्सुलिन उजळ माथ्याने उभं असतं. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्यांना मायेनं विचारतं, "घेतलंत ना वेळेवर?" मनाचा निग्रह करा म्हणजे साखर उतरेल, असं त्यांना कुणी सांगत नाही. माझा आजार मात्र या सगळ्यांच्या लेखी आजारच नाही, नुसता हावरटपणा. याच जाऊबाई "एवढ्याने काय होतंय" म्हणत पानात तिसरी पुरणपोळी वाढतात आणि हात धुताना माझ्या दंडाकडे बघतात. चालणं, उपास, गरम पाणी, सगळं करून झालं. डॉक्टरांनी हे औषध दिलं, तेव्हा मळमळ सुरू झाली खरी, पण डोक्यात दिवसभर कुरकुरणारी भूक पहिल्यांदाच गप्प बसली. त्या शांततेची मी का म्हणून लाज बाळगू?

जाऊबाई माझी अब्रू राखत असल्यासारख्या इंजेक्शनवर कोथिंबिरीची पिशवी ओढू लागल्या. मी ते त्यांच्या हाताखालून काढलं आणि दारात, इन्सुलिनला खेटून ठेवलं.

"पुढच्या वेळी आलात की मलाही विचारा," मी म्हटलं, "घेतलंस ना वेळेवर?"