कुशाबा घाडीगावकर आणि पोलंडचे ढोलवाले

माझ्या बाबांनी, कुशाबा घाडीगावकरांनी, आयुष्यात कसलाच नाद केला नाही. विडी नाही, पत्ते नाहीत, मंडळाचं राजकारण तर मुळीच नाही. आणि एकाहत्तराव्या वर्षी नाद लावून घेतला तो पोलंडच्या हेवी मेटलचा. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. घोडपदेवच्या चाळीतल्या एका खोलीत तो धुमाकूळ ऐकत त्यांना रविवार काढायचा नसतो.

बाबा गिरणीत साचाखात्यात होते. साचे म्हणजे माग. शेकड्यांनी माग एकदम धडधडायचे, माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. अर्धे कान तिथेच गेले, उरलेले वयाने नेले. माझी आई, शेवंती, गेली वीस वर्षं त्यांच्याशी ओरडूनच बोलते. "जेवाक येतास?" ही तिची हाक समोरच्या चाळीत पोचते, फक्त बाबांपर्यंत पोचत नाही. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते! मी स्वतः परळच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, नंबर लावायचाही त्रास नाही. पण बाबांचं एकच, "माका काय झाला? तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास."

मग ते देवगडचं लग्न आलं. आत्येच्या मुलीचं. निघायच्या आधी आठवडाभर बाबा तासातासाला विचारत होते, तिकडे पाऊस आहे का. मी वैतागून त्यांच्या मोबाइलवर माइकचं बटण दाखवलं. "इथे दाबा आणि वेदर लाइव्ह म्हणा. सगळं दाखवील."

बाबा गॅलरीत जाऊन बसले आणि गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात ओरडले, "वेदर लाइव्ह!"

मोबाइलने ऐकलं 'व्हेडर'. या नावाचा पोलंडमध्ये मेटल बँड आहे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी कळलं ते एवढंच, की गॅलरीत काहीतरी कोसळतंय. मी धावत गेले. स्क्रीनवर लाल उजेड, काळे कपडे, कमरेपर्यंत केस, आणि ढोलांचा असा मारा की मोबाइल हातात थरथरत होता. मी बंद करायला हात घातला तर बाबांनी मनगट धरलं.

"रव गो, रव! माका आयकाक येता."

त्यांचा दुसरा हात मांडीवर ताल धरत होता. देवगडला पाऊस आहे की नाही, ते राहूनच गेलं.

एक संपलं की मोबाइल आपणहून पुढचं लावतो. व्हेडरमागून बेहेमॉथ आला, टर्बो आला, कॅट आला. बाबांनी सगळ्यांची बारशी केली. बेहेमॉथचा भीममोठो झाला, कॅटचा कात. आई म्हणाली, "जन्मात पान खाल्ला नाय, आणि आता दिवसभर कात!"

मी हेडफोन आणून दिले. ते दोन मिनिटांत काढून ठेवले. "छातीत लागाक व्हया," म्हणाले. मग मी स्पीकर आणला, आणि त्यावरून ते छातीत लागायला लागलं ते आजूबाजूच्या बिऱ्हाडांच्या. शेजारचा शंतनु घरून काम करतो. तो हात जोडून दारात आला. "काकी, मीटिंगमध्ये क्लायंट विचारतो, मागे इमारतीचं पायलिंग चाललंय का?"

एका रविवारी बाबांनी नवीन फर्माइश काढली. "त्येंका लिव, ढोलवालो बरो आसा." मी कपाळावर हात मारला आणि कॅटच्या व्हिडिओखाली मराठीतच लिहिलं: मी कुशाबा, घोडपदेव, मुंबई. साचाखात्यात होतो. तुमचा ढोलवाला चांगला आहे.

बँडने काही उत्तर दिलं नाही. दिलं झ्बिग्न्येव नावाच्या एका म्हाताऱ्याने. हा पोलंडमधल्या कातोवित्सेचा, कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला. हा बँडही त्याच्याच गावचा. तरुणपणी पुढच्या रांगेत उभं राहून त्याने त्यांना ऐकलं होतं. बाबांनी त्याचा जिबगो केला आणि माझी सुट्टी कायमची संपली. बाबा बोलणार, मी टाइप करणार, मोबाइल पोलिश करणार. तिकडून आलेलं मराठीत उलटवून मी बाबांच्या कानात ओरडणार.

शेवटी दोघांनी ठरवलं, व्हिडिओ कॉल करायचा. मी बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून बसवलं. समोर पांढऱ्या मिशांचा जाडजूड गृहस्थ. त्याने पोलिशमध्ये काहीतरी विचारलं. बाबा ओरडले, "जेवलास काय?" तो आणखी मोठ्याने काहीतरी बोलला. बाबा त्याहून मोठ्याने, "मासे गावतत काय थंय?" अर्धी चाळ दारात जमली. मग जिबगोने टेबलावर बोटांनी एक ठेका धरला. बाबांनी ट्रंकेवर तोच धरला. पुढची दहा मिनिटं हे दोघं बडवत होते आणि मी मोबाइल धरून उभी होते.

रात्री जेवायच्या आधी त्याचा मेसेज आला. मी वाचून दाखवला. 'तुम्हीही माझ्यासारखेच बहिरे आहात. माझी बायको हालिना मला किती वर्षं डॉक्टरकडे जा म्हणत होती. ती गेल्यावर मी गेलो. आता मला स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येतं.'

बाबांनी ते परत वाचायला लावलं. आई तांदूळ निवडत होती. ते तिच्याकडे बघत होते.

"उद्या तो कानाचो डाक्टर आसा काय गो?"

माझा तोल गेला. "बाबा, मी दहा वर्षं बोंबलतेय! आणि त्या पोलंडच्या माणसाने एकदा सांगितलं की लगेच?"

"तू सांगलंस तेव्हा आयकाक येय नाय होता," बाबा म्हणाले.

तपासण्या झाल्या, कानात यंत्रं बसली. दवाखान्यातच आईने नेहमीच्या पट्टीत विचारलं, "येता आयकाक?" बाबांनी दोन्ही कान झाकले. "आराडतंस कित्याक गे?"

आई भडकली. वीस वर्षं घसा फोडला त्याचं हे फळ! टॅक्सीत ती मुद्दाम पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला वाटलं, निदान आता घरात शांतता होईल.

घरी येताच बाबांनी व्हेडर लावला. जेमतेम अर्धं मिनिट ऐकलं आणि चेहरा पडला.

"ह्यो कोण बोंबलता? ह्येका कोण मारता काय?"

इतके महिने त्यांना ढोलच ऐकू येत होते. गाणारा गातो तो असा, हे त्यांना आजच कळलं होतं. मी जमिनीवर बसकण मारली.

आता व्यवस्था अशी आहे की मेटल लावायचं तेव्हा यंत्रं डबीत, आईशी बोलायचं तेव्हा कानात. शंतनुने आपल्या मीटिंगच्या वेळा सांगून ठेवल्यात. परवा मी कामावरून आले तर दोघं गॅलरीत. आई काहीतरी सांगत होती, इतकं हळू की मला दारातून कळेना.

"काय गं? काय झालं?" मी विचारलं.

"तुका नाय," बाबा म्हणाले. मी पिशवी ठेवली आणि चहा टाकायला गेले.