ओठ मिटायलाच पाहिजेत

“ओठांकडे कोण बघतंय?” असं आमच्या गटाच्या प्रमुखानं लिहिलं, तेव्हा मी त्याला उत्तर दिलं नाही. आमच्या घरात सगळे ओठांकडेच बघतात, हे त्याला दोन ओळींत काय सांगणार?

माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण कान गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यामुळं ताईशी बोलायचं तर तिच्यासमोर यायचं, उजेडात उभं राहायचं आणि तोंडातला घास गिळून मगच बोलायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आमच्याकडं कुणी पाठमोरं बोलत नाही. वडील होटगीला रेल्वेत होते. त्यांना मिशीची भारी हौस. मिशीमुळं ताईला त्यांचा वरचा ओठ दिसेना, म्हणून एका सकाळी त्यांनी ती काढून टाकली आणि परत कधी ठेवली नाही.

ताई आता शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. मी एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. आम्हा दोघींना कॉम्प्युटरवरच्या गेमचा नाद. त्यातही एक जुना, अवाढव्य गेम आमचा लाडका: किल्ले, जंगलं, तलवारी आणि गावोगाव भेटणारी, तासन्‌तास बोलणारी माणसं. बोलणं इंग्रजीत, खाली अक्षरंही इंग्रजीत. ताईला ती भरभर वाचता यायची नाहीत, म्हणून मी शेजारी बसून तिला मराठीत सांगायची. माझ्याकडं बघायला तिनं मान वळवली की इकडं गेममध्ये कुणीतरी तिला कापून काढायचं. मग ती माझ्यावर चिडायची.

या गेमला मराठी आवाज द्यायचे असं काही हौशी मंडळींनी ठरवल्याचं मला नेटवर कळलं. खेळणाऱ्यांनी आपल्या आपण गेममध्ये केलेल्या अशा बदलाला मॉड म्हणतात. मी लगेच त्यांच्यात शिरले. कोण कुठलं ते एकमेकांना फारसं माहीत नव्हतं. गटाचा प्रमुख पुण्याचा होता एवढं कळलं. भाषांतर करायला चढाओढ होती, आवाज द्यायला त्याहून जास्त. एक काम मात्र कुणालाच नको होतं, ते मी मागून घेतलं. ते म्हणजे ओठांच्या फायली.

गेममधला माणूस बोलतो तेव्हा आवाज एका फायलीतून येतो आणि तोंडाची हालचाल दुसऱ्या. प्रत्येक वाक्यामागं अशी एक छोटी फाइल लागते: कुठल्या क्षणी ओठ मिटायचे, कुठं जबडा उघडायचा, कुठं चंबू करायचा. ती नसली तर माणूस तोंड मिटून भाषण ठोकतो. फाइल बनवायला एक साधन मिळतं. त्याला रेकॉर्ड केलेलं वाक्य द्यायचं आणि तेच वाक्य लिहूनही द्यायचं. मग ते आवाजाशी अक्षरं जुळवून तोंडं ठरवतं. गोची एवढीच, की त्याला फक्त इंग्रजी येतं. मराठी दिलं की ते गप्प बसतं.

मग मी त्याला फसवायला सुरुवात केली. ‘तुमी’ हवं असेल तर इंग्रजीतले ‘टू’ आणि ‘मी’ शेजारी-शेजारी लिहायचे. ‘बस की’ तर आयतंच मिळालं, एक मोटार आणि एक किल्ली. ‘ळ’ काही केल्या जमेना. तिथं जीभच दिसायला हवी, आणि त्या गेममधल्या माणसांना जीभ जेमतेमच दिलेली. जिथं साधन हरायचं तिथं मी फाइल उघडून हातानं तोंडं बसवायची.

आवाज देणाऱ्यांत बायका कमी होत्या. सरायवाल्या म्हातारीची दोन वाक्यं मी आईकडून म्हणवून घेतली. आई सांगोल्याकडची. माहेरी मेंढरं. उघड्या माळावर या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळं दोन खोल्यांच्या घरातही ती माळावर असल्यासारखीच बोलते. ती दोन वाक्यं ऐकली आणि मला वाटलं, हा आवाज सरायवालीचा नाही. गेममध्ये एका किल्ल्याची सरदारीण आहे. शत्रूचा वेढा पडतो तेव्हा ती एकटी तटावर उभी राहून सगळ्या फौजेला धरून ठेवते. मी ती भूमिका आईला दिली. प्रमुखाला कळवलं, तोही ‘बरं’ म्हणाला.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. दिवसभर खडखडाट. लाइट गेली की माग थांबतात, म्हणून आम्ही लाइट जाण्याची वाट बघायचो. गल्लीतले सगळे उकाड्यानं हैराण होऊन ओट्यावर येऊन बसायचे, आणि आई, मी न् बॅटरीवरचा लॅपटॉप चादरी टांगलेल्या कोपऱ्यात शिरायचो. घामानं निथळत आईनं पहिलं वाक्य वाचलं: “आपण येथून मागे हटणार नाही.”

वाचून ती थांबली.

“आसं कोण बोलतंय गं?” ती म्हणाली. “शत्रू दारात आलाय आन्‌ ही बाय ‘येथून’ म्हणती?”

“मग तू काय म्हणशील?”

तिनं कागद खाली ठेवला. “मागं सरायचं न्हाय! हितंच हुबं ऱ्हायाचं!”

ओट्यावर बसलेल्या शेजारणी काय झालं म्हणून दारात आल्या. मी ते वाक्य तसंच ठेवलं. पुढची सगळीही मग आईच्याच बोलीत झाली.

फायली तयार झाल्या की ताई तपासायची. स्पीकर बंद करून मी सरदारणीला बोलायला लावायची आणि ताईनं काय दिसलं ते सांगायचं. सुरुवातीला ती म्हणायची, “ही पान खातीय.” हळूहळू शब्द निघू लागले. ‘मागं’ दिसलं. ‘हुबं’ दिसलं. एकदा मी कंटाळून म्हणाले, “प, ब, म तुला तसेही सारखेच दिसतात. एखाद्या ठिकाणी ओठ मिटले नाहीत तर काय बिघडतं?”

“पाय, बाय, माय मला खऱ्या माणसाच्या तोंडावर पण सारखीच दिसत्यात,” ती म्हणाली. “पुढचं-मागचं बघून मी वळखते. पण ओट मिटायलाच पायजेत. न्हाय मिटले तर ती बोलतच न्हाय, नुसतं तोंड हालवती.”

त्यानंतर मी तो प्रश्न परत विचारला नाही.

पहिला भाग काही खेळाडूंना चाचणीसाठी दिला होता. त्यानंतर प्रमुखानं सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मी पडद्यासमोर बसले, ताई माझ्या शेजारी. तिला कारखान्याची सुट्टी होती आणि आपण तपासलेल्या कामाबद्दल लोक काय म्हणतात ते तिला बघायचं होतं.

प्रमुख सभ्यपणे बोलला. चाचणी घेणारे सरदारणीच्या तोंडी ही भाषा ऐकून हसले. प्रसंग गंभीर, भाषा विनोदी, असं झालंय. आईंचा आवाज छानच आहे, तो गुराख्यांना किंवा चोरांच्या टोळीतल्या बाईला वापरू. सरदारणीचं प्रमाण मराठीत दुसऱ्या बाईंकडून रेकॉर्डिंगही करून घेतलंय. आणि ओठांच्या फायलींना फार वेळ लागतोय. त्याऐवजी सगळ्यांना एकच साधी उघडझाप लावू.

“आवाज बदलणार आणि ओठही काढणार?” मी विचारलं. “सरदारणीनं सांगोल्याचं बोललेलं का चालत नाही?”

“चालत नाही असं नाही. पण शोभत नाही.”

“चोराला शोभतं?”

त्यानं माइक बंद केला, बाजूला कुणाकडे तरी बघून चार शब्द बोलला आणि हसला. मग माइक सुरू करून म्हणाला, “सॉरी, घरी कुणीतरी आलं होतं.”

ताईनं माझा दंड धरला. “त्यो काय म्हणाला सांगू?”

“काय?”

“‘धुणंभांडी करणारी बाई सरदारीण’ म्हणाला.”

तिनं हे हळू सांगितलं असं तिला वाटलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माझा माइक सुरू होता. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली तोंडं थबकली.

प्रमुख म्हणाला, “मी असं काही म्हटलेलं नाही.”

मी त्याचं वाक्य ताईला सांगायला वळले, पण तिला गरज नव्हती; ती त्याच्याकडंच बघत होती. ती पुढं सरकली आणि त्या पडद्यावरच्या अनोळखी माणसांसमोर आपल्या जाड, चढ-उतार नसलेल्या आवाजात म्हणाली, “माइक बंद होता. तोंड चालू होतं तुमचं. मला कान न्हाईत, पण मी डोळ्यांनी ऐकते. आन्‌ आमच्या आईनं धुणंभांडी केल्यात. दुसऱ्यांच्या घरची केल्यात. मग?”

चुकीचं वाचलं असेल, कनेक्शन खराब आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. प्रमुखानं मान खाली घातली होती. मला तेवढं पुरे होतं. मी म्हटलं, “आई गुराखी होणार नाही आणि चोरही होणार नाही. ती सरदारीण आहे. तुमच्यात नसेल तर वेगळी असेल.” आणि कॉल बंद केला.

ताईचा चेहरा लख्ख होता. शाळेत गुरुजी फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, तेव्हा हिनं पाटी आपटली होती म्हणून वडिलांना बोलावणं आलं होतं. आई ती गोष्ट अजून सांगते. कॉलच्या त्या दिवशी ती गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली.

आईला आम्ही सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. “हसले व्हय?” तिनं विचारलं. “हसूंद्या. पर त्या बाईला तटावरनं खाली उतरवू नगा.”

सबंध गेम आम्हा तिघींच्यानं होणार नव्हता. म्हणून आम्ही फक्त वेढ्याचा तेवढा प्रसंग घेतला. दुसऱ्यांनी दिलेल्या आवाजांना मी हात लावला नाही. शिपायांचे आवाज वडिलांनी आणि शेजारच्या तेलुगू मास्तरांनी दिले. मास्तरांचं मराठी त्यांच्या ढंगाचं, तेही तसंच ठेवलं. सोलापूरच्या कुठल्याही फौजेत असा एक शिपाई असणारच की. लाइट जायची, आम्ही चादरींत शिरायचो. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ते नेटवर टाकलं. माहितीत लिहिलं: भाषा सोलापूरची, आणि ओठ वाचता येतील असा प्रयत्न केलाय.

लोक हसले. खोटं कशाला सांगू, पुष्कळ हसले. कुणी लिहिलं, सरदारीण भाजी विकतेय असं वाटतं. कुणी ‘शुद्ध’ आवृत्ती मागितली. ती येणार नाही असं मी प्रत्येकाला कळवलं, एकदाही माफी न मागता. कुणीतरी असंही लिहिलं, की ‘हितंच हुबं ऱ्हायाचं’ ऐकून अंगावर काटा आला, आमची आजी अशी ओरडायची.

गटाचा मॉडही बाहेर आला. त्यात सगळी माणसं माशासारखी तोंडाची उघडझाप करतात. काही दिवसांनी प्रमुखाचा निरोप आला. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं, असं लिहिलं होतं. कोणता प्रकार, ते लिहिलं नव्हतं. पुढं विनंती: लोकांना तुझ्या सरदारणीचे ओठ आवडलेत, फक्त त्या फायली आम्हाला देशील का? आवाज नको, आमच्याकडं आहे.

मी ताईला निरोप दाखवला. ती इतकी हसली की कपाटाला टेकली. ते ओठ आईच्या आवाजावर बेतलेले होते. आईनं जिथं श्वास घेतला तिथं ते उघडतात, आई जिथं ‘ऱ्हायाचं’ म्हणून लांबवते तिथं ते ताणतात. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर ते बसणारच नव्हते. मी त्याला तसं कळवलं. ओठ हवे असतील तर आईसकट घ्या. फायली कशा बनवायच्या ते मात्र मी सगळ्यांसाठी नेटवर लिहून ठेवलं. उदाहरणाची वाक्यं सगळी आईची.

त्यानंतर एका रविवारी ताई म्हणाली, “मला पण बोलायचंय.”

मला आधी कळलंच नाही. बसमध्ये ती बोलायला लागली की लोक वळून बघतात. पाहुण्यांत गेलं की चुलत्या खुणेनं ‘हळू’ म्हणतात. तिचा आवाज घराबाहेर कुणाला नको असायचा. तिला गेममधल्या पुलावरच्या पहारेकरणीचं काम हवं होतं. जो येईल त्याला अडवायचं आणि कुठं निघालास विचारायचं, एवढंच.

आम्ही लाइट जायची वाट बघितली. आईनं समोर बसून हातानं ताल दिला, मी रेकॉर्ड केलं. ते साधन ताईच्या आवाजापुढं साफ हरलं, एकही शब्द त्याला धड जुळवता आला नाही. मग आम्ही दोघींनी एकेक तोंड हातानं बसवलं. ती आरशात बघून बोलायची, मी तसं लावायची. ‘थांबा’मधल्या ‘बा’साठी तिनं मला इतक्या वेळा परत करायला लावलं, की आईच वैतागून उठून गेली.

आता आमच्या मॉडमध्ये पुलावर कुणी आलं की पहारेकरीण भाला आडवा धरते आणि ताईच्या आवाजात म्हणते, “थांबा. कुटं निगाला?” आवाजाची फाइल बिघडलीय, दुरुस्त करा, असं लोक अधूनमधून लिहितात. त्यांना उत्तर ताई स्वतः देते. “बिघडली न्हाय. परत ऐका.”